कातळातलं गवत

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, बरेन नावाचा मुलूख आहे. लांबून बघाल तर नुसता करडा कातळ, टप्प्याटप्प्याने थेट अटलांटिकपर्यंत उतरलेला. १६५०च्या सुमारास आयर्लंडवर चाल करून आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा सेनानी एडमंड लडलो इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय, की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फासावर द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. हे वाक्य खूप गाजलं. त्याच्या पुढचं मात्र सहसा कुणाला आठवत नाही. इथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत, असंही तोच म्हणतो. कारण खडकांमधल्या दोन-तीन फुटी मातीच्या तुकड्यांवरचं गवत फार गोड. माझ्या मते बरेनची खरी ओळख या दुसऱ्या वाक्यात आहे.

ही चुनखडी साधारण तेहतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचली. पुढे हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली, आणि पावसाच्या पाण्याने खडक विरघळत जाऊन त्यात लांबच लांब भेगा पडल्या. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर असं होत नाही. त्यामुळे इथे चालताना समोर कमी आणि पायाखाली जास्त बघावं लागतं. एखाद्या भेगेशी वाका. आत ओलावा, सावली आणि हंसराज. आपल्याकडे विहिरीच्या भिंतीवर दिसतो, त्याच कुळातला. मे महिन्यात वरच्या गवतात जेन्शियनची गडद निळी फुलं उमलतात, रुपयाच्या नाण्याएवढी. थंड आर्क्टिक भागातली फुलझाडं आणि भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड इथे शेजारी शेजारी नांदतात.

आणि याचं बरंचसं श्रेय गुरांना! युरोपात इतरत्र गुरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात. इथले शेतकरी ती हिवाळ्यात वर चढवतात. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, वर चिखलही होत नाही. गुरं वाळलेलं गवत खाऊन टाकतात आणि वसंतात फुलांना ऊन मिळतं. चराई थांबली, की हेझलची झुडपं माजतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने फॅनोरहून निघावं. समुद्राला जमिनीवरून जाऊन मिळणारी इथली एकुलती नदी, कॅहर, तिथेच आहे. बाकीचं पाणी खडकात मुरतं. तिथून जुनी गवताळ वाट ब्लॅक हेडच्या डोंगराला वळसा घालते. खाली गॉलवेचा उपसागर, पलीकडे अरन बेटं, तीही याच खडकाची. मुल्लामोरची टेकडी दोनशे मीटरसुद्धा नाही, पण तिचे वळ्या पडलेले थर बघून पाय थबकतात.

पोलनाब्रोनची पाषाणयुगीन कबर, उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून रचलेली, रस्त्याला लागूनच आहे, म्हणून गर्दीही तिथेच. पाच हजारांहून अधिक वर्षं जुनी. उत्खननात तिच्यात तीसपेक्षा जास्त माणसांचे अवशेष मिळाले. हल्ली पर्यटक आजूबाजूच्या लाद्या उचलून तिच्या चिमुकल्या नकला रचतात. कृपा करून हे करू नका.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घ्या. सुटी लादी पायाखाली डुगडुगते आणि पाऊस पडला की कातळ निसरडा होतो. गडग्यावरून चढायचं तर जिथे पायऱ्या केल्यात तिथूनच चढा. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, पलीकडे कुणाची तरी गुरं असतात.

नमस्कार.