पायापुरतं कातडं

(दृश्य : निपाणी. सकाळचं कोवळं ऊन. उंबऱ्याशी बसलेला चपलेचा कारागीर. चेहरा नाही, फक्त हात.)

आरी आत जाते. भोक पडतं. त्यातून वादी ओवली जाते आणि मग एक हिसका. टाका बसला. पुन्हा आरी.

हे म्हशीचं कातडं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. पट्टा, कान, अंगठा, वेणी, सगळं हातानं. जगभर हिला कोल्हापुरी म्हणतात, पण ही चप्पल अथणीत आणि निपाणीतही पिढ्यान्‌पिढ्या होत आलीय. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आमचा बेळगाव जिल्हा आहे. सीमेच्या दोन्ही अंगांनी एकच नाव आनंदानं लावलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आज आपण बोलणार आहोत मनाबद्दल. तरी सुरुवात चपलेनं केली, कारण आठव्या शतकात नालंदा महाविहारातल्या शांतिदेव नावाच्या भिक्षूनं तेच केलं होतं. ‘बोधिचर्यावतारा’त तो विचारतो, सगळी जमीन मढवायची तर एवढं कातडं आणायचं कुठून? आणि लगेच सांगतो, चपलेपुरतं कातडं मिळालं की सगळी जमीन मढवल्यासारखीच आहे. बाहेरचं सगळं आवरणं माझ्या हातात नाही. मन आवरलं, तर बाकीचं आवरायची गरज कुठे उरते?

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

(दृश्य : बेळगाव. बसस्टँडवरची गर्दी. पाट्या. माणसं.)

मी बेळगावचा. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन तिच्या नावावरच्या शेताचा उतारा काढायला गेलो होतो. कागद कन्नडमध्ये. आईला तो वाचता येईना. तिनं खिडकीवर विचारलं, “यात माझं नाव बरोबर हाय काय बघा की.” समोरच्यानं मान वर केली नाही. तिनं पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं, भाषा शिकून या.

मी भांडलो. भांडणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. चूक पुढे झाली. तो राग मी तसाच घरी घेऊन आलो. रात्री आईनं वाढलेलं ताट मी सरकवलं, आमटी सांडली, आणि ती काही न बोलता फडकं घेऊन आली. गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि फरशी पुसली. जिच्यासाठी भांडलो, तिच्याच वाट्याला ते भांडण आलं.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एक मामा, निवृत्त शिक्षक, मला बुद्धविहारात घेऊन गेले. वंदना झाली, पंचशील झालं. मग दिवा तेवढा ठेवून सगळे गप्प बसले. मामांनी हळूच सांगितलं, “काही करू नको. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नाकाशी तेवढं बघ. दहापर्यंत मोज. चुकलास की एकपासून.”

मी तीनच्या पुढे गेलोच नाही. चौथ्या श्वासाला ती खिडकी यायची, तो मान न उचलणारा माणूस यायचा, आणि त्याला द्यायची राहिलेली सगळी उत्तरं यायची. बाहेर आल्यावर मामांना म्हटलं, “बसायला येतंय मामा, खरं मन बसत नाही की.” आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.

मामा म्हणाले, “बसत नाही हे कळलं न्हवं तुला? आजच्याला तेवढं पुरे.”

यालाच आनापानसती म्हणतात. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा, आणि सती म्हणजे भान. मन भरकटलं, ते भरकटलंय हे ध्यानात आलं आणि ते परत आणलं, की एक टाका बसला. नवख्याला वाटतं आपलं ध्यान मोडलं. मला तर वाटतं ते परत आणण्यातच ध्यान आहे. आरी पुन्हापुन्हा घालावीच लागते.

(दृश्य : विहारातली बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर. पांढऱ्या साड्यांतल्या बाया. मेणबत्त्या.)

या मातीचं बाबासाहेबांशी जुनं नातं आहे. एप्रिल १९२५ मध्ये ते बहिष्कृत परिषदेसाठी याच निपाणीत आले होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. धम्माच्या वाटेनं निघालेल्या इथल्या मराठी घरांना एकाच हंगामात नवी वाट मिळाली आणि नवं राज्यही. वाट त्यांनी स्वतः निवडली होती. राज्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून आमच्याकडे मनाची मशागत करायला बसलेल्या माणसाच्या पुढ्यात हा सल असतोच. तो बाहेर ठेवून आत या, असं म्हणून चालत नाही.

पाली भाषेत ध्यानाच्या अभ्यासाला ‘भावना’ म्हणतात. मैत्रीभावना, करुणाभावना. आपल्या रोजच्या मराठीत भावना म्हणजे मनात उसळतं ते. पण वैद्याकडची भावना आठवा. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात. चूर्ण रसात भिजवायचं, खलायचं, वाळवायचं. पुन्हा रस, पुन्हा खल, पुन्हा ऊन. एकवीस वेळा. शेवटी ते चूर्णच राहतं, पण त्याचा गुण वाढलेला असतो. मनाला मैत्रीची भावना द्यायची ती अशीच. तिबेटी भाषेतही ध्यानाला जो शब्द आहे, ‘गोम’, त्याच्या मुळाशी सवय होणं, सराव होणं हाच अर्थ आहे.

(दृश्य : मुंडगोड. मोठं अंगण. लाल वस्त्रांतले भिक्षू. टाळीचा आवाज.)

हा शब्द ऐकायला ल्हासाला जायला नको. बेळगावहून धारवाड, हुबळी करत निघालं की उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड लागतं. १९६६ मध्ये तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. ल्हासाजवळचे गादेन आणि द्रेपुंग हे मठ, एक १४०९ चा, दुसरा १४१६ चा, मातृभूमी सुटल्यावर इथं नव्यानं वसले. आपल्या बाजारात थंडीत स्वेटर घेऊन बसणारे तिबेटी लोक आपण पाहतो, घासाघीस करतो, निघून येतो. त्यांच्यामागे एवढी परंपरा उभी आहे हे मला तरी उशिरा कळलं.

अंगणात वादविवाद चालतो. प्रश्न विचारणारा उभा, उत्तर देणारा जमिनीवर बसलेला. उभा असलेला पाय आपटतो आणि अगदी तोंडापुढे टाळी वाजवतो. बसलेल्यानं चिडायचं नाही, मुद्द्यावरून हलायचं नाही. मी ते बघत उभा राहिलो आणि मला ती खिडकी आठवली.

या परंपरेत मनाच्या शिक्षणाला ‘लोजोंग’ म्हणतात. लो म्हणजे मन, जोंग म्हणजे घडवणं, स्वच्छ करणं. याचा उगम आपल्याच उपखंडात सापडतो. ९८२ मध्ये बंगालात जन्मलेले बौद्ध आचार्य अतिश समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपात, म्हणजे आजच्या सुमात्रात गेले, तिथं बारा वर्षं गुरूपाशी राहिले आणि १०४२ मध्ये तिबेटात पोचले. त्यांची एक गोष्ट सांगतात. तिबेटचे लोक फार गोड स्वभावाचे असं त्यांनी ऐकलं होतं. मग आपला संयम पारखणार कोण? म्हणून त्यांनी एक तिरसट बंगाली सेवक मुद्दाम बरोबर नेला. प्रत्येकाच्या घरात, कचेरीत असं एखादं माणूस असतंच. त्याच्याकडे बघायची ही रीत मला फार आवडते.

पुढे बाराव्या शतकात चेकावा नावाच्या आचार्यांनी ही शिकवण छोट्या छोट्या सूत्रांत बांधली, चालता बोलता आठवावी म्हणून. त्यातला एक अभ्यास म्हणजे ‘तोंगलेन’. तोंग म्हणजे देणं, लेन म्हणजे घेणं. आपण म्हणतो ना, मला त्याच्याशी काय देणंघेणं? तेच देणंघेणं इथं श्वासावर बसवलेलं आहे. आत येणाऱ्या श्वासाबरोबर समोरच्याचं दुःख आपल्याकडे आलं असं मनात धरायचं, आणि बाहेर जाणाऱ्याबरोबर आपल्याजवळचं सुख, स्वस्थता त्याच्याकडे पाठवायची. एकदम वैऱ्यापासून सुरू करू नये. आईपासून करावं, मग शेजारी, मग अनोळखी, आणि तो खिडकीतला माणूस सगळ्यात शेवटी. स्वतःच गळ्यापर्यंत दुःखात बुडालेल्या माणसानं तर हे लादून घेऊच नये. त्यानं आधी कुणाजवळ तरी बोलावं, लागलं तर डॉक्टरांकडे जावं.

(दृश्य : निपाणीतली गल्ली. दारात सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी बाई.)

या मावशी लहानपणापासून विड्या वळतात. पान कातरायचं, तंबाखूची चिमूट, वळण, दोऱ्याची गाठ. विहारात बसायला त्यांना सवड होत नाही. त्यांनी स्वतःची युक्ती काढलीय. दोरा गुंडाळताना मनात म्हणायचं, बरं होऊ दे. आधी लेकाचं, मग सुनेचं. “सुनेचं म्हणताना पैल्यांदा लई जड जायचं गा,” त्या सांगतात, “गाठच सुटायची.” आता सुटत नाही काय, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि पुढचं पान उचललं.

विहारातल्या एका तरुणानं मात्र मला सरळ सुनावलं. “बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणून सांगितलं. डोळे मिटून बसायला नाही सांगितलं.” त्याचा राग मला रास्त वाटतो. लोजोंगच्या सूत्रांत सगळा दोष एकाच ठिकाणी, आपल्या अहंकारावर ठेवायला सांगितलंय. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दोषच लादला गेला, त्यांना हे सूत्र अर्धवट सांगणं हा अन्याय आहे. मन शांत ठेवा म्हणजेच गप्प बसा, असं कुणी शिकवत असेल, तर तिथून उठून यावं.

पण बाबासाहेबांनी अष्टांगिक मार्गातली सम्यक समाधी टाकून दिली नाही. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी ती समजावून सांगितलीय. नुसती एकाग्रता तेवढ्या वेळेपुरती टिकते. सम्यक समाधीनं मनाला कुशल, म्हणजे चांगलं, तेच चिंतायची कायमची सवय लागते. पुन्हा तेच, सवय. त्या तरुणाला मी एवढंच म्हणालो, चप्पल घातली म्हणून वाटेतला काटा उचलू नये असं थोडंच आहे? उलट अनवाणी माणूस पाय धरून बसतो. पायात चप्पल असलेला वाकून काटा काढू शकतो.

त्याला ते सगळं पटलं असं नाही. आम्ही अजून बोलतो.

मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. या वेळी मराठीत लेखी अर्ज घेऊन. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार आपलं गाऱ्हाणं देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. रांगेत उभं असताना श्वास मोजले. सातपर्यंत गेलो. खिडकीपाशी पोचलो तेव्हा हात कापत होते, आवाजही एकदा चढला. काम चौथ्या खेपेला झालं. आईच्या नावातली वेलांटी खरंच चुकली होती.

पण चारही दिवस मी घरी आलो आणि आईजवळ बसून जेवलो.

(दृश्य : पुन्हा कारागीर. जमिनीवर कागद. त्यावर पाऊल.)

कागदावर पाय ठेवायला सांगून ते पेन्सिलीनं पावलाची कड काढतात. करंगळीपाशी पेन्सिल जराशी थांबते, गुदगुल्या होतात.

“नवी हाय तवर चावतीय,” ते म्हणतात. “तेल लावायचं. पैल्यांदा घरातल्या घरात घालायची, रोज थोडी थोडी. एकदम घालून बाजाराला जाऊ नको.”

कधी मिळेल, मी विचारतो.

“परवा ये की गा.”

ते कागद घडी करून बाजूला ठेवतात. आरी पुन्हा आत जाते.