दहाची पाऊणपट

(दृश्य : ठाणे, चेंदणी कोळीवाडा. संध्याकाळ. दोरीवर टाकलेलं जाळं.)

हा पाग. नायलॉनचा, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. हातातून सुटला की हवेत छत्रीसारखा उघडतो आणि गोळ्यांच्या वजनानं सरळ तळाला बसतो. फेकायची तऱ्हा जुनीच आहे, सूत तेवढं बदललं.

पाग सांधत बसलेल्या काकांना मी विचारलं, भरती कधी? खिशात मोबाइल होता, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. "आज दशमी ना? दहाची पाऊणपट, साडेसात. आपल्याकडं खाडीच्या टोकाला पाणी चढायला अजून थोडं धरायचं."

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा असती तर पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही दर दिवशी साधारण पाऊण तास पुढे सरकते. सगळा हिशेब एवढ्यावर उभा आहे.

(दृश्य : खाडीवरून जाणारी लोकल. मग वहीतला हाताने काढलेला नकाशा.)

गेली चार वर्षं मी एक कल्पित राज्य लिहितो आहे. नकाशा आहे, राजघराणी आहेत, तीन हजार वर्षांची बखर आहे. आणि त्या तीन हजार वर्षांत तलवार तीच, शीड तेच, दिवटी तीच. अद्भुत कथांमध्ये हे सर्रास चालतं. 'सहस्र वर्षांपूर्वी' म्हणायचं आणि काळ होता तिथेच बसवून ठेवायचा. मलाही ते चालत होतं. त्या पाऊणपटीनंतर मात्र चालेना. कोळीवाड्यात तिथीचा हिशेब टिकला, कारण तो बोटांवर होतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो कामापुरता बरोबर येतो. माझ्या राज्यात सगळंच टिकलं होतं आणि कारण कशालाच नव्हतं.

(दृश्य : ठाणे स्थानक, गर्दी.)

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली गाडी इथे पोचली. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे; ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे ठाण्यातल्या पोराटोरांनाही पाठ असतं. पण वाफेत जोर आहे हे माणसाला त्याआधी किती वर्षं ठाऊक होतं? अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पहिल्या शतकातच वाफेवर गरगर फिरणाऱ्या गोळ्याचं वर्णन करून ठेवलं होतं. तो गोळा कोणतंही ओझं न ओढता नुसता फिरत राहिला.

अठराव्या शतकात जेम्स वॉटचं इंजिनही आधी अडूनच बसलं होतं. सिलिंडर आतून नीट गोल होत नव्हता, फटीतून वाफ निसटायची. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदारानं तोफांच्या नळ्या अचूक कोरणारं यंत्र केलं आणि पुढे तशाच कामातून वॉटला हवे तसे सिलिंडर मिळाले. तोफेसाठी शिकलेला हात इंजिनाच्या कामी आला. माझ्या बखरीतल्या जादूगाराला एका रात्रीत आगगाडी सुचेलही. पण ती नळी कोण कोरणार, कोळसा कोण खणणार, आणि एवढा खर्च कोण कशासाठी करणार? इथे तो झाला, त्यामागे देशावरचा कापूस बंदरापर्यंत आणायची घाईही होती. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले.

(दृश्य : छापखान्यातले जुने खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, अगदी जवळून.)

आता ही गोष्ट. नवं साधन आलं की ते पसरतंच, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

१५५६ मध्ये गोव्यात छापखाना उतरला. तो खरं तर अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) जायचा होता, गोव्यातच राहिला. १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओव्या मराठी, लिपी रोमन! आपल्या लिपीचा खिळा पाडायचा तर काना, मात्रा, वेलांटी, वर जोडाक्षरं. शेकडो साचे लागले असते. रोमन लिपीचं काम मूठभर खिळ्यांत भागत होतं. माझ्या भाषेतला एवढा मोठा ग्रंथ परक्या अक्षरांत उभा आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो.

आणि पुढे तेही थांबलं. छापखाना मिशनऱ्यांच्या हातात, गरजही त्यांचीच. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. गोव्यात छपाई पुन्हा सुरू व्हायला १८२१ उजाडलं. यंत्र येऊन गेलं होतं, चालवणारे हात तयार झाले होते, आणि मधे दीडेकशे वर्षं काहीच नाही. कुणाचा शाप नव्हता की दैवी कोप नव्हता. वाचणाऱ्यांच्या हातात खिळे कधी गेलेच नव्हते.

(दृश्य : खाडीपलीकडे ऐरोलीचे दिवे. अलीकडे काठावर होडी.)

समोर ऐरोली-महापे. तिथे थंडगार खोल्यांत डेटा सेंटरं चालतात. अलीकडे दशमीची पाऊणपट. मधे फार तर खाडीचं पाणी. असा नकाशा मी काढला असता तर मीच त्याला चुकीचा म्हटलं असतं.

(दृश्य : वहीची पानं. खोडलेली बखर, नवी ओळ.)

बखर पुन्हा लिहायला घेतली आहे. तीन हजारांची साडेचारशे वर्षं झाली. बंदराच्या गावात आता एक छापखाना आहे, राणीनं बंद पाडलेला. दाराला मोहर आहे, पण मागची भिंत पावसात खचली आहे. तिथून एक कोळीण रोज ओंजळभर खिळे उचलते. घरी आणून ते वितळवते आणि पागाच्या गोळ्या ओतते. एका गोळीवर अर्धवट वितळलेलं एक अक्षर राहून गेलंय. तिच्या मुलीनं ती गोळी अजून जाळ्यात ओवलेली नाही.

(दृश्य : चेंदणी. होडी हळूच उचलली जाते. पाणी आलं.)