पारा कुठे ठेवला होता?

[गाडीचा डॅशबोर्ड. पडद्यावर ५१.]

हा फोटो दर उन्हाळ्यात फिरतो. गाडी वेगळी, शहर वेगळं, आकडा मात्र पन्नाशीच्या आसपासचा. फोटोत कुणी खाडाखोड केलेली नसते. प्रश्न एवढाच, की हा आकडा नेमका कशाचा?

[बंपरच्या आतली बाजू.]

गाडीचा तापमान-सेन्सर बहुतेक वेळा इथे असतो. पुढच्या बंपरच्या मागे, जाळीजवळ. मण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे वीजरोध बदलणारा तुकडा. खाली तापलेलं डांबर, मागे इंजिन. गाडी उन्हात उभी असली की इथे वारा खेळत नाही, आणि सेन्सर या सांदीत कोंडलेल्या हवेचं तापमान सांगत बसतो. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी पळवा, आकडा खाली येतो. फोटो मात्र त्याआधीच काढून झालेला असतो.

[इन्फ्रारेड गन डांबरावर रोखलेली.]

ही दुसरी लाडकी वस्तू. पिस्तुलासारखी दिसते, घोडा दाबला की आकडा देते. ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान मोजते, हवेचं नाही. भर दुपारी काळं डांबर साठच्या पुढे सहज जातं. त्यावर चालणाऱ्या माणसाच्या डोक्याभोवतीची हवा तेव्हा बरीच कमी तापलेली असते. उपग्रहांच्या नकाशांचाही हाच घोळ. एप्रिल २०२२ मध्ये वायव्य भारताचे लालभडक नकाशे ‘साठ अंश’ म्हणून फिरले. ते जमिनीचं तापमान होतं. नकाशाच्या कोपऱ्यात तसं लिहिलेलंही असतं, पण पुढे पाठवताना कोपरा कापला जातो.

फोनचं काय? बाहेरची हवा मोजणारा तापमापक फोनमध्ये सहसा नसतो. ॲपवरचा ‘आत्ताचा’ आकडा बऱ्याचदा संगणकाच्या प्रारूपातून आलेला असतो. प्रदेशाचे काही किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतात. शेजारचा ‘जाणवतंय’वाला आकडा तर कुठल्याच उपकरणानं मोजलेला नसतो. तापमान आणि आर्द्रता सूत्रात घालून तो काढतात.

[हिरवळीवर पांढरी लाकडी पेटी. दार उघडतं.]

मग हवेचं तापमान मोजतात कुठे? इथे. हिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. दीपगृहं बांधणारे स्कॉटिश इंजिनिअर थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ साली ही रचना मांडली, आणि तिचा मूळ ढाचा आजही फारसा बदललेला नाही.

नीट पाहा, कारण हिच्यातली प्रत्येक गोष्ट कुठली ना कुठली चूक टाळण्यासाठी आहे. रंग पांढरा, म्हणजे ऊन परतवलं जातं. भिंती तिरक्या पट्ट्यांच्या आणि दुहेरी, म्हणजे वारा आत येतो, ऊन येत नाही. चार पायांवर उभी, म्हणजे तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरच्या दरम्यान राहतात. दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेताना थेट ऊन आत शिरत नाही. दक्षिण गोलार्धात हेच दार दक्षिणेला करतात. खाली आखूड गवत किंवा त्या भागातली मूळची जमीन. सिमेंट नाही, फरशी नाही.

जागेचंही मोजमाप आहे. जागतिक हवामान संघटनेनं केंद्रांच्या जागांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात इमारती, काँक्रीट, वाहनतळ असे उष्णतेचे स्रोत शंभर मीटरच्या पलीकडे हवेत. चौथ्या वर्गाच्या जागेमुळे मापनात दोन अंशांपर्यंत, तर पाचव्यात पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. यात उपकरणाचा काही दोष नाही, सगळा परिणाम जागेचा. इमारतीच्या गच्चीवर, एसीच्या गरम झोताशेजारी लावलेला उत्तम सेन्सर चुकीच्या हवेचं तापमान अगदी बिनचूक सांगतो.

[आडवा तापमापक, अगदी जवळून.]

हा कमाल तापमापक. पाऱ्याच्या फुग्याच्या वर काचेची नळी मुद्दाम चिमटलेली दिसतेय? तापताना पारा जोरानं त्या चिमटीतून पुढे सरकतो. थंड होताना पाऱ्याचा धागा तिथेच तुटतो आणि दिवसाची कमाल जागेवर थांबून राहते. वाचताना डोळा पाऱ्याच्या टोकाच्या अगदी समोर हवा. तिरकं पाहिलं की दशांश घसरतो. जुने निरीक्षक आधी दशांश वाचतात आणि मग पूर्ण अंश, कारण माणसाच्या अंगाच्या आणि श्वासाच्या उष्णतेनंही बारीक फरक पडतो. नोंद झाली की तापमापक झटकून पारा मागे बसवायचा आणि शेजारच्या साध्या तापमापकाशी ताडून पाहायचा. झटकायचं राहिलं आणि उद्या हवा निवळली, तर उद्याच्या रकान्यात आजचीच कमाल चढते. वहीत ती कुणालाही खटकत नाही.

[स्वयंचलित केंद्र. खांब, सौरपट्टी, एकावर एक पांढऱ्या थाळ्या.]

आता बरीचशी कामं ही केंद्रं करतात. पांढऱ्या थाळ्यांच्या आत सहसा प्लॅटिनमची तार असते. शून्य अंशाला तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १०० ओहम असतो आणि पुढे अंशामागे साधारण ०.३८५ ओहम वाढतो. पन्नास अंशांना ११९.४. म्हणजे गंजलेल्या जोडातून एकच ओहम जादा घुसला, तर तापमान अडीच अंशांहून अधिक चढलेलं दिसतं. म्हणून चांगल्या जोडणीत चार तारा वापरतात, त्यात तारांचा स्वतःचा रोध हिशोबाबाहेर राहतो. थाळ्यांवर धूळ बसली, प्लॅस्टिक पिवळं पडलं, आत किड्यांनी घर केलं, तरी आकडा वर सरकतो. बरं, यंत्र बंद पडलेलं कळतं तरी. हे यंत्र चालूच राहतं, दर काही मिनिटांनी आकडा पाठवत राहतं आणि तोही दशांशासकट.

[नकाशा. दिल्लीची केंद्रं एकेक करून उजळतात.]

२९ मे २०२४. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश दाखवले. भारतातला नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा. १९ मे २०१६, ५१ अंश. म्हणजे विक्रम जवळपास दोन अंशांनी मोडला.

शेजारचे दिवे बघा. सफदरजंग, ४६.८. दिल्लीतल्या बाकी केंद्रांचे आकडे ४५.२ ते ४९.१ या पट्ट्यात. सपाट मुलूख, तीच दुपार, तोच कोरडा वारा, आणि एकच केंद्र सगळ्यांच्या जवळपास चार अंश वर. खोटं पकडायला इथे प्रयोगशाळा लागत नाही, शेजाऱ्यांना विचारलं की पुरतं. हवामान खात्यानं त्याच दिवशी शंका बोलून दाखवली. नंतर प्रमाणित उपकरणाशी तुलना केल्यावर मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच सुमारास नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले, तेही सेन्सरच्या दोषात गेले.

तोवर ५२.९ जगभर छापून झाला होता. तीन अंश वजा केले तरी उरतात ते पन्नासाला टेकलेले, आणि त्या दिवसांत माणसं उन्हानं दगावली.

आकडा हाती आला की केंद्राचं नाव, वेळ आणि मोजलं काय, हवा की जमीन, एवढं आधी शोधा. नाव नसेल तर तो आकडा पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही. नाव असेल तर खात्याच्या तक्त्यात त्याच दिवशीचे आजूबाजूचे आकडे उघडा.

[जुनं हस्तलिखित पान. रकाने.]

हे पान लिबियातल्या एल अझिझियाचं, सप्टेंबर १९२२ चं. १३ तारखेसमोर ५८ अंश. जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून ते नव्वद वर्षं मिरवलं. जागतिक हवामान संघटनेच्या समितीनं चौकशीसाठी मूळ पान मिळवलं, आणि गोष्ट तिथेच फिरली.

रकाने पाहा. ११ तारखेपासून नोंदी घेणारा हात बदललेला दिसतो, आणि कमाल-किमान भलत्याच रकान्यांत पडू लागतात. वापरात होता सिक्स पद्धतीचा, इंग्रजी यू आकाराचा तापमापक. यात पारा एका छोट्या पोलादी कांडीला ढकलतो. वाचायचं ते कांडीचं पाऱ्याकडचं, खालचं टोक. वरचं वाचलं तर कांडीच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे सात अंशांची भर पडते.

समितीची पाच कारणं होती. घोटाळ्याला वाव देणारं उपकरण. बहुधा नवखा निरीक्षक. डांबरासारख्या पृष्ठभागावरची जागा. आसपासच्या केंद्रांशी मेळ नाही. त्याच ठिकाणच्या नंतरच्या नोंदींशीही नाही. हे काम २०११ च्या लिबियातल्या उठावात रखडलं. समितीतल्या लिबियन हवामानतज्ज्ञाशी संपर्कच तुटला होता. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये ती नोंद रद्द झाली.

मान गेला कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीकडे. १० जुलै १९१३, ५६.७ अंश. त्या नोंदीवरही काही हवामानतज्ज्ञांनी बोट ठेवलं आहे, आणि मुद्दे ओळखीचे आहेत: निरीक्षक कोण होता, शेजारच्या केंद्रांवर त्या दिवशी काय होतं. संघटनेच्या यादीत तूर्त हाच आकडा आहे.