छोटं जीपीएस यंत्र घेताय? आकार नंतर बघा!

नमस्कार मंडळी! खिशात टाकलं की विसरून जावं, इतकं छोटं जीपीएस हवंय, तर कोणतं घ्यावं? आजचा विषय हाच. मॉडेलची नावं मी मुद्दाम घेत नाहीये, कारण ती भराभर बदलतात. निवडायचं कसं हे एकदा कळलं, की समोर कुठलंही यंत्र येऊ दे, तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तर आकार, रंग, वजन बघण्याआधी स्वतःला एकच विचारा. यंत्र कुठे आहे, हे कुणाला कळायला हवंय? ते ज्याच्याजवळ आहे त्याला, की दूर बसलेल्या दुसऱ्या कुणाला?

हे आधी का विचारायचं, ते सांगते. जीपीएस फक्त ऐकतं. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अखंड सांगत असतात, की आत्ता नेमके किती वाजलेत आणि मी कुठे आहे. तुमचं यंत्र ते ऐकतं, संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. तीन कशासाठी ते लक्षात येतं: अक्षांश, रेखांश, उंची. मग चौथा? तो यंत्राच्या स्वस्त घड्याळातली चूक काढण्यासाठी. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटीमीटरची होते, म्हणून हा चौथा उपग्रह टाळता येत नाही.

आता बघा, या सगळ्यात यंत्राने बाहेर काहीच पाठवलेलं नाही. म्हणजे तुमची जागा उपग्रहाला कळत नाही, आणि घरी बसलेल्या आईलाही कळत नाही. ती कळवायची तर यंत्रात आणखी एक रेडिओ हवा: सिम कार्डवर चालणारा किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा.

[दोन डब्या कॅमेऱ्यासमोर धरून]

म्हणून दिसायला सारख्या अशा या दोन डब्यांची जात वेगळी आहे. हा लॉगर. हा फक्त नोंद ठेवतो. चालून आलात, सायकल फिरवून आलात, की घरी येऊन संगणकाला जोडायचा आणि वाट नकाशावर बघायची. याला सिम नाही, महिन्याचा खर्च नाही. आणि हा ट्रॅकर. यात सिम आहे, तो जागा पाठवतो, आणि त्यासाठी डेटाचे किंवा सेवेचे पैसे पुनःपुन्हा भरावे लागतात. जिथे मोबाइलची रेंजच नसते तिथे जाणाऱ्यांसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं असतात. त्यातली सगळ्यात छोटी साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. किल्लीला अडकवायचे जे गोल चपटे टॅग मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत जीपीएस नसतंच. ते ब्लूटूथवर चालतात आणि जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात. हरवलेली बॅग शोधायला ते उत्तम आहेत. पण निर्जन वाटेवर जवळ फोनच नसेल, तर टॅगची खबर येणार कुठून?

जात ठरली. आता आकाराकडे येऊ. इथे जरा थांबून ऐका, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

यंत्र उघडलं तर आत एक चौकोनी सिरॅमिकची वडी दिसते. तो अँटेना. नेहमीचा चांगला अँटेना २५ मिलिमीटर बाय २५ मिलिमीटरचा असतो. यंत्र अगदी चिमुकलं करायचं म्हटलं, की पहिली काटछाट होते ती याच वडीत. आणि उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की तो आसपासच्या विद्युत गोंगाटाच्याही खाली असतो. रिसीव्हर त्याचा ठरावीक नमुना ओळखून त्याला गोंगाटातून वेगळा काढतो. अशा सिग्नलसाठी अँटेना लहान केला, तर उघड्या माळावर फरक जाणवणार नाही. दाट झाडीत, उंच इमारतींच्या मधे आणि बॅगेच्या तळाशी मात्र लगेच जाणवेल. आपलं शरीरसुद्धा हा सिग्नल अडवतं. म्हणून पँटच्या मागच्या खिशापेक्षा बॅगेचा वरचा कप्पा केव्हाही बरा. आणि अँटेनाची बाजू आकाशाकडे हवी, वर धातू नको.

माझं स्पष्ट मत सांगते. दोन यंत्रांत थोडाच फरक असेल, तर मोठं घ्या. अर्धा सेंटीमीटर वाचवून रोज चुकीची वाट बघण्यात काय मिळणार?

गल्लीबोळांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खोक्यावर ‘एल१ आणि एल५’ किंवा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ लिहिलंय का बघा, म्हणजे यंत्र उपग्रहाचे दोन वेगवेगळ्या रेडिओ फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल ऐकतं. भिंतींवर आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचतो, आणि यंत्राला वाटतं की उपग्रह आणखी लांब आहे. एल५वरच्या संकेताचा नमुना जुन्या एल१ संकेताच्या दहापट भराभर बदलत असल्यामुळे आपटून आलेला आणि थेट आलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं. गॅलिलिओ, ग्लोनास, बेईडू, नाविक या इतर प्रणालींचे उपग्रह यंत्र ऐकत असेल, तर तेही चांगलंच. आकाशाचा तुकडा छोटा दिसत असताना जास्त उपग्रह कामाला येतात.

बॅटरीचं काय? ट्रॅकरमध्ये बॅटरी मुख्यतः खाल्ली जाते ती जागा पाठवण्यात. जाहिरातीत लिहिलेले ‘इतके दिवस’ हे किती मिनिटांनी एकदा पाठवल्यावरचे आहेत, हे बारीक अक्षरात शोधा. दर मिनिटाला हवं असेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. यंत्र हलत नसताना झोपतं का आणि हललं की जागं होतं का, हेही बघा. पण जागं होण्यालाही वेळ लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो, आणि स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. तो तपशील काही तासच ताजा राहतो. म्हणून बराच वेळ बंद असलेलं यंत्र सुरू केल्या केल्या जागा सांगत नाही. इंटरनेटवरून ही माहिती आधीच उतरवून घेणारी, म्हणजे असिस्टेड जीपीएस असलेली यंत्रं इथे बरीच पुढे असतात.

ट्रॅकर घेणाऱ्यांनी नेटवर्क तपासल्याशिवाय पैसे देऊच नका. बऱ्याच देशांत टूजी आणि थ्रीजी बंद झालंय किंवा होतंय, आणि अगदी स्वस्त ट्रॅकर अजूनही फक्त टूजीवर चालणारे असतात. एलटीईचा, म्हणजे फोरजीचा, कुठला प्रकार आहे आणि तुमच्याकडचे बँड, म्हणजे तिथलं नेटवर्क ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतं त्या, त्यात आहेत का, हे विचारा. नोंदी जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या नकाशा-ॲपमध्ये उघडता येणाऱ्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतात का, हेही विचारा. उद्या कंपनीने ॲप बंद केलं, तरी तुमच्या वाटा तुमच्याकडे राहायला हव्यात.

जुनं, वापरलेलं यंत्र घेणार असाल तर आधी त्यावरची तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या संकेतात १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं ६ एप्रिल २०१९ला झालं. ज्यांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नाही, ती काही यंत्रं जवळजवळ २० वर्षं मागची तारीख दाखवतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. दुसऱ्या मोठ्या माणसाच्या सामानात त्याला न सांगता ट्रॅकर ठेवू नका. काळजीपोटीसुद्धा नको. सांगा, विचारा, मग द्या.

तुमचं काम फक्त स्वतःची वाट बघण्याचं असेल, तर खिशातला फोन आधी वापरून बघा. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. फोनची बॅटरी वाचवायची असेल, किंवा फोन न घेता बाहेर पडायचं असेल, तर वेगळं यंत्र घेण्यात अर्थ आहे.

घेतलंत, तर परत करण्याची मुदत असतानाच ही चाचणी करा. पहिल्यांदा सुरू केल्यावर मोकळ्या आकाशाखाली १५ मिनिटं नुसतं पडू द्या, म्हणजे सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक त्याला मिळेल. त्यालाच साडेबारा मिनिटं लागतात. मग रोजच्या पायाखालच्या वाटेवर, रोज ठेवणार त्याच खिशात ठेवून चाला आणि घरी येऊन रेघ नकाशावर बघा. रेघ इमारतींच्या आरपार जात असेल, तर आधी खिसा बदलून पुन्हा चाला. तरीही तसंच होत असेल, तर यंत्र परत करा.