‘थेट बागेतून’ सगळेच म्हणतात, तुमचं वेगळं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च लागला की प्रत्येकाच्या वॉट्सअ‍ॅपवर हापूसच्या जाहिराती यायला लागतात. त्यातल्या कुठल्याही दहा काढून बघा. ‘अस्सल देवगड’, ‘थेट बागेतून’, ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’, ‘घरपोच’. वरचं नाव झाकलं तर कोणती जाहिरात कोणाची, हे खुद्द विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. यातले पुष्कळ जण खरंच बोलत असतात, पण तेवढ्यानं भागत नाही. फोनच्या पडद्यावर आंब्याचा वास घेता येत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, फोटो आणि भाव. फोटो सगळ्यांचेच देखणे, मग घासाघीस भावावर येते आणि छोटा बागायतदार तिथे मार खातो.

यावरचा उपाय म्हणजे यूएसपी, आपल्या मालाचं नेमकं वेगळेपण. गेल्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमधल्या जाहिरात क्षेत्रातले रॉसर रीव्ह्ज यांनी ही कल्पना मांडली आणि तिला तीन अटी घातल्या. जाहिरातीत गिऱ्हाइकाला काहीतरी ठोस देऊ केलेलं असावं. ते प्रतिस्पर्धी देत नसावा किंवा देऊ शकत नसावा. आणि त्यासाठी माणूस आपलं नेहमीचं दुकान सोडून तुमच्याकडे यावा, इतकं ते मोलाचं असावं. ‘थेट बागेतून’ दुसऱ्या अटीला नापास होतं. ‘सर्वात स्वस्त’ आज पास होईल, पण मोठ्या व्यापाऱ्यानं पन्नास रुपये उतरवले की उद्या नापास.

मग शोधायचं कुठे? तक्रारींमध्ये. एका वहीत दहा-पंधरा प्रतिस्पर्ध्यांची पहिली दोन-दोन वाक्यं उतरवून घ्या आणि जे शब्द तीनपेक्षा जास्त ठिकाणी येतात त्यांवर काट मारा. नंतर त्याच विक्रेत्यांचे एक आणि दोन तारेवाले अभिप्राय वाचा. पाच तारेवाले सोडून द्या, त्यात कौतुकापलीकडे हाती लागण्यासारखं थोडंच असतं. हापूसच्या बाबतीत त्याच त्या तक्रारी दिसतील: फळं चेपलेली आली, सगळी एकदम पिकली, पेटीत दुसरीकडचा आंबा मिसळला होता, आणि कापल्यावर साका निघाला.

साक्याचंच बघू. फळ बाहेरून निर्दोष, पिवळंधमक. आत मात्र पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. घरात नुसतं पाहून किंवा दाबून तो ओळखता येत नाही. म्हणून बहुतेक विक्रेते ‘हापूस म्हटला की साका आलाच’ म्हणून हात झटकतात. जागा मोकळी आहे ती इथेच. साका शून्यावर आणता येत नाही, पण कमी करता येतो. फळ झाडावर पूर्ण तयार होऊ न देता साधारण ८५ टक्के तयार असताना, देठासकट, झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, काढायचं. काढणी सकाळी लवकर उरकायची. काढलेली फळं तापलेल्या कातळावर किंवा उघड्या जमिनीवर पसरायची नाहीत, लगेच सावलीत न्यायची. मोठ्या फळांत साक्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून टपोरी फळं वचन देऊन विकायच्या पेटीत न घालता मध्यम, अडीचशे ग्रॅमच्या आसपासची घालायची.

आता वचन कसं द्यायचं? ‘साकामुक्त हापूस’ असं चुकूनही लिहू नका. ते पाळता येणार नाही, आणि खोटा दावा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो. त्याऐवजी लिहा: ‘आंबा कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे २४ तासांत परत.’ यात गोष्ट ठरलेली, मुदत ठरलेली, पुरावा काय तेही ठरलेलं.

पण आधी हिशोब. समजा १०० पेट्या, प्रत्येकी १२ फळं, डझनाचा भाव १,२०० रुपये. १,२०० फळांत पाच टक्के साका धरला तर ६० फळं, म्हणजे परतावा ६,००० रुपये. एका पेटीमागे ६० रुपये. एवढे भावात बसतात. पण तुमच्या बागेत साका २० टक्के असेल तर तोच आकडा पेटीमागे २४० रुपये होतो. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवा आणि आधी काढणी सुधारा. हा आकडा अंदाजानं धरू नका. दर तोडणीतली ५० फळं पिकवून, कापून मोजा. तेवढे आंबे घरी खाल्ले जातातच, फार दुःख करू नये.

वचन आपल्या हातातल्या गोष्टीचंच द्यावं. ‘४८ तासांत घरपोच’ ऐकायला छान, पण घाटात गाडी अडकली तर ती कुरिअरवाल्याची असते आणि शिव्या तुम्हाला. अमेरिकेत डॉमिनोजनं अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, कारण घाईत झालेल्या अपघातांचे खटले अंगावर आले होते.

जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकनाचं काय, असं कोणी विचारेल. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय ते वापरता येत नाही. नोंदणी जरूर करा, प्रमाणपत्राचा क्रमांक पेटीवर छापा. मात्र नोंदणी झालेला प्रत्येक जण तेच सांगणार, तेव्हा तो तुमच्या बोलण्याचा पुरावा आहे, वेगळेपण नाही.

ठरलेलं वाक्य पहिल्या ओळीत हवं. वॉट्सअ‍ॅपवरचा लांब मजकूर मध्येच दुमडला जातो, इन्स्टाग्रामवरच्या ओळखीत, म्हणजे बायोमध्ये, १५० अक्षरंच मावतात; शुभेच्छा, देवाचं नाव आणि बागेचा इतिहास आधी आला तर वचन कोणी वाचत नाही. तेच वाक्य पेटीतल्या चिठ्ठीवरही छापा, सोबत काढणीची तारीख आणि दोन सूचना: कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, नाहीतर ती नीट पिकत नाहीत, पेंढ्यावर किंवा कागदावर एकेरी थरात मांडा. ही चिठ्ठी नसली की गिऱ्हाईक स्वतः बिघडवलेल्या फळाचेही पैसे मागतं, आणि वाद घालून ते गमावण्यापेक्षा देऊन टाकणं स्वस्त पडतं.

चाचणी साधी आहे. तोच फोटो, तोच भाव, एका आठवड्यात जुनं वाक्य, दुसऱ्या आठवड्यात नवं. अंगठे आणि बदाम मोजू नका, पैसे आलेल्या ऑर्डरी मोजा. तीनाच्या पाच झाल्या तर तो योगायोगही असू शकतो. तिसाच्या पन्नास झाल्या तर वाक्य चाललं. मात्र अक्षय्य तृतीयेचा आठवडा तुलनेत धरू नका, तेव्हा सगळ्यांचेच आंबे खपतात.

परतावा यूपीआयवर करा आणि प्रत्येक परताव्यासमोर काढणीची तारीख व कलमाचा क्रमांक लिहा. हंगाम संपेपर्यंत साका बागेच्या कोणत्या भागातून येतो ते त्या वहीत दिसायला लागतं, आणि पुढच्या वर्षी ती झाडं या पेटीतून वगळता येतात. नमस्कार.