ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

आज जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या पत्नीला मात्र ते माहीत आहे, कारण त्या सकाळी ती स्वयंपाकघरात होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी नाशिकरोडला प्रेसमध्ये आणि उरलेला सगळा वेळ गाण्याला, असं माझं तेव्हाचं आयुष्य. आम्ही काही मित्र मिळून शहरात मैफली भरवायचो. वर्गणी गोळा करायची, सतरंज्या घालायच्या, पाहुण्या कलावंताला स्टेशनवरून आणायचं. पाहुण्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे असे. त्या वर्षी एक फार मोठे गवई दोन दिवसांसाठी आले होते. त्यांचं नाव घेत नाही, ते आता हयात नाहीत. तानपुऱ्याला आमच्या माहितीतलीच, कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. पहिल्या दिवशीची बैठक फार रंगली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मुलगी लुनावरून माझ्या दारात आली. आत काही आली नाही. म्हणाली, "काका, आज मी तानपुऱ्याला नाही बसत. दुसरं कुणी मिळेल का?"

"का गं? बरं नाही का?"

"तसं नाही. काल बैठक संपल्यावर आतल्या खोलीत बुवा..."

मी तिला तिथंच तोडलं. म्हणालो, "अगं, ते तुझ्या आजोबांच्या वयाचे. शाबासकी द्यायला पाठीवर हात ठेवला असेल. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल भलतंसलतं मनात आणू नये."

ती चपलेकडे बघत राहिली. मग "बरं, काका" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी वेळेवर येऊन तानपुऱ्याला बसली. त्यानंतर आमच्या एकाही मैफलीला ती आली नाही.

ती गेल्यावर आतून पत्नी म्हणाली, "अहो, पूर्ण ऐकून तरी घ्यायचं." मी पेपर उघडला.

श्रोतेहो, हात ठेवल्याचं ती मुलगी बोललीच नव्हती. तो हात मी तिच्या वाक्यात घातला. म्हणजे ती काय सांगायला आली आहे हे माझ्या आत कुठंतरी कळलं होतं, आणि म्हणूनच ते मला ऐकायचं नव्हतं. त्या खोलीत काय घडलं हे मला आजही माहीत नाही. बुवांवर मी आरोप करत नाही, करायला माझ्याकडे काही नाहीच. माझ्याकडे फक्त एक अर्धं वाक्य आहे. ते अर्धं राहिलं ते माझ्यामुळे.

तीस वर्षं मी स्वतःला विचारत आलो की मी असा का वागलो. मी वाईट माणूस नव्हतो, त्या मुलीशी माझं वाकडंही नव्हतं. मग कधीतरी लक्षात आलं की मला वाटत होतं, मी बुवांना ओळखतो. त्यांचा मारवा राग मी शेकडो वेळा ऐकला होता. वडील गेले त्या रात्री त्यांच्याच आवाजानं मला सावरलं होतं. पण ही ओळख सगळी एका बाजूची होती. बुवांना माझं नावही नीट माहीत नव्हतं, ते मला "प्रेसवाले" म्हणायचे. मंचावरचे अडीच तास सोडले तर हा माणूस बंद खोलीत, आपल्याहून लहान, आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलीशी कसा वागतो, याची मला काडीची माहिती नव्हती. आणि तरी मी त्यांचा जामीन राहिलो.

सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारून झाल्या की आमचा ज्येष्ठांचा गट चहाला बसतो. एखाद्या नटावर, गायकावर, महाराजावर असा आरोप झाल्याची बातमी आली की तिथं ठरलेली वाक्यं निघतात. "इतकी वर्षं काय झोपली होती का?" "टाळी एका हातानं वाजत नाही." "पैसे उकळायचे असतील." "त्या लाइनमध्ये गेल्यावर दुसरं काय होणार?" बोलणारी माणसं भली आहेत. शेजाऱ्याला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणारी आहेत. पण त्या नटाला ते जणू घरातला माणूस मानतात, आणि ती बाई त्यांच्या लेखी पहिल्यांदाच, तेही अशा कारणानं, समोर आलेली असते.

"इतकी वर्षं काय करत होती" याचं एक उत्तर न्यायालयानंच दिलेलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रिया रमाणी या पत्रकार बाईंनी एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर तेव्हा केंद्रात परराष्ट्र राज्यमंत्री होते आणि त्याआधी देशातले नावाजलेले संपादक. बाईंचं म्हणणं होतं की डिसेंबर १९९३ मध्ये मुंबईच्या एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला बोलावून त्यांनी गैरवर्तन केलं. अकबरांनी आरोप नाकारला, रमाणींवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला आणि १७ ऑक्टोबरला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नीट लक्षात घ्या, त्या खटल्यात पिंजऱ्यात ती बाई होती. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं. कित्येक दशकांनंतरही बाईला आपलं गाऱ्हाणं मांडता येतं, आणि पुरुषाची प्रतिष्ठा जपण्यासाठी बाईच्या सन्मानाचा बळी देता येत नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. त्याविरुद्ध अकबर पुढं उच्च न्यायालयात गेले. पण मी तो निकाल पेपरात वाचला तेव्हा डोळ्यांत १९९३ हा आकडाच भरला. माझ्या दारात ती लुना थांबली तो काळ हाच.

दुसरं उत्तर केरळातलं. २०१७ मध्ये तिथं एका नटीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला. त्यानंतर सिनेमात काम करणाऱ्या बायकांची अवस्था तपासायला निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. अनेक बायका समितीपुढं आल्या आणि बोलल्या. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारला मिळाला, लोकांपुढं आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार वर्षांहून जास्त काळ कागद गप्प होते, बायका बोलून मोकळ्या झाल्या होत्या. आता सांगा, गप्प कोण होतं?

आणि ते "त्या लाइनमध्ये" म्हणणं! आपण नाशिककर, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा आपल्याला अभिमान. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, एक पुरुष. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना, कारण जी उभी राहील तिची अब्रू गेलीच, असं लोक मानत. पुढं दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला यांनी ते धाडस केलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आमच्या चहाच्या टेबलावर तोच हिशेब चालू आहे. अब्रूची जोखीम घेऊन ती तिथं गेली, म्हणजे तिनं ती आधीच सोडून दिली, असा. कायद्यातसुद्धा हा हिशेब होता. बाई सैल चालीची आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा पुरावा कायद्यात होती. २००२ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. कायद्याच्या पुस्तकातून गेलं ते जिभेवरून गेलेलं नाही.

बाबा-महाराजांचं तर विचारूच नका. आपलं हे सिंहस्थाचं गाव, पायावर डोकं ठेवायला आपण पटकन वाकतो, आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये गुरमीत राम रहीम हे बाबा बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरल्यावर पंचकुल्यात भक्तांनी जाळपोळ केली, तीसहून जास्त माणसं मेली. आसाराम बापूंच्या खटल्यात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं त्यांना जन्मठेप दिली. तक्रार करणारी शाळकरी मुलगी होती आणि तिचे आईवडील स्वतः बापूंचे भक्त होते. त्या बापाची श्रद्धा कुणाहून कमी नव्हती. तरी त्यानं मुलीचं वाक्य पुरतं ऐकून घेतलं. मला जमलं नाही ते त्याला जमलं, म्हणून तो माणूस मला फार मोठा वाटतो.

आमच्या गटातले एक वकील मित्र मला म्हणतात, "आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व तू विसरतोस." विसरत नाही. न्यायालय माणसाचं स्वातंत्र्य काढून घेऊ शकतं, म्हणून त्यानं संशयाचा फायदा आरोपीला द्यायलाच हवा. खोटी तक्रारही होऊ शकते, आणि ज्याच्यावर ती होते त्याचं आयुष्य होरपळतं. बातमी आली की पोस्टरला काळं फासणारे आणि "चौकात फाशी द्या" म्हणणारे मला तितकेच नकोसे वाटतात. शिवाय हा राग नेमका कुणावर निघतो तेही बघा. आरोपी दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या जातीधर्माचा असला की पुरावा लागत नाही, आपला असला की पुराव्याचा डोंगर लागतो. पण मी माझ्या मित्राला म्हटलं, "तू आरोपीला निर्दोष धरतोस ते ठीक. पण त्याच दमात बाईला खोटारडी ठरवतोस, तो खटला कुठं चालला? तिला वकील कुठं मिळाला?" त्यावर तो काही बोलला नाही, चहाचे पैसे मात्र त्यानं दिले.

सगळ्यात वाईट वाटलं तो प्रसंग वेगळाच. एका गाजलेल्या प्रकरणात आमच्यापैकी एकानं मोबाइल पुढं केला. "हीच ती." फोटो. मोबाइल हातोहात फिरला. माझ्याही हातात आला आणि मीही पाहिला, हे कबूल करतो.

बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. या कलमामागं आपल्या महाराष्ट्रातली एक मुलगी आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला आणि ओळख लपवण्याचं कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ७२ व्या क्रमांकावर आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. तिला स्वतःला पुढं यायचं असेल तर ती येऊ शकते, तो तिचा हक्क. इतर कुणाला तिचं नाव, फोटो, पत्ता फिरवता येत नाही. ग्रुपवर फोटो ढकलणाऱ्यालाही हे लागू आहे.

आणखी एक आकडा. २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्यातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीतलाच होता. काका, शेजारी, मालक, सर, मित्र. आणि असं घडल्यावर ती सांगायला जाते ती त्याच ओळखीतल्या दुसऱ्या कुणाकडे. तो ऐकणारा कोण असतो? दारात पेपर घेऊन बसलेला माझ्यासारखा काका.

गेल्या पावसाळ्यात मी जुन्या कॅसेटी काढून बसलो होतो. नातू त्या कॉम्प्युटरवर भरून देणार होता. त्यात त्या दुसऱ्या दिवसाची बैठक निघाली, माझ्याच अक्षरात तारीख घातलेली. पत्नीही येऊन बसली. बुवांचा आवाज अजून तसाच आहे, अंगावर काटा आणणारा. पण मला त्या दिवशी तो ऐकू येईना. मागं तानपुरा चालू होता, तोच ऐकत बसलो. बुवा घोटभर पाणी प्यायला थांबतात, श्रोते वाहवा करतात, कुणीतरी खोकतं, बाजू संपून कॅसेट उलटली जाते. तानपुरा कुठंच थांबत नाही.