काय नाही, सर

पहाटेचे साडेपाच. मार्च लागला की सोलापुरात नऊनंतर मैदानावर थांबवत नाही, म्हणून खो-खोचा सराव उजाडायच्या आत. पाटीवर आलटून-पालटून तोंडं करून बसलेल्या आठ पोरी. नववी खांबाला वळसा घालते आणि एकदम थबकते. हात गुडघ्यावर.

"काय झालं गं?"

"काय नाही, सर."

पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे. राज्य पातळीवर खेळलं तर दहावीला सवलतीचे गुण, पुढं पदक मिळवलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, हजाराच्या हिशेबानं. अशा घरात दुखणं बोलून दाखवणं सोपं नसतं.

मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली ताण आणि दुखापतीचं नातं उलगडून दाखवलं. डोक्यावर ओझं असलं की स्नायू आखडतात, नजरेचा आवाका आकसतो, लक्ष भलतीकडं जातं. खो-खोत हे महागात पडतं. खो मिळून उठणारी पोर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायला हवी, ती उशिरा दिसते. घाईनं वळताना पाय मातीत रुततो, धड फिरतं, गुडघा जागेवरच राहतो. मैदानावर म्हणतात, "लिगामेंट गेलं", म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा तुटला. वयात येताना मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त.

मग कुणीतरी तेल लावून चोळून देतं. चोळू नका. सुजलेला गुडघा आधी डॉक्टरांना दाखवायचा.

ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने. टाके आधी भरतात, भीती मागं राहते. पोर दुखरा पाय जपत पळते आणि सगळा भार चांगल्या पायावर टाकते. शिवाय ते नऊ महिने घरी एकटीनं काढायचे, मैत्रिणी मात्र खेळायला गेलेल्या. म्हणून इथले सर जखमी खेळाडूला सुट्टी देत नाहीत. गुणपत्रक तिच्या हातात, शिट्टी तिच्या गळ्यात. सरावाआधी प्रत्येकीला विचारतात, झोप किती झाली? आधी पोरी हसायच्या. आता खरं सांगतात. बहुतेक जणी.

सराव संपलाय. सगळ्या पाण्याच्या पिंपाशी. ती मागंच रेंगाळलीय.

"सर, जिना उतरताना दुखतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."